हलव्याचा बाळकृष्ण

हार घातलात, बुक्का लावलात, माझं पोट भरलं! आता आख्यान. पण मंडळी, ऐका — आख्यानाच्या आधी एक प्रश्न. उत्तर लगेच नको. आपण देवाला जाताना नटून जातो. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, बायका पैठण्या काढतात. त्या तिसऱ्या रांगेतल्या वहिनी, हो हो, तुम्हीच, छान दिसताय! तर आपण सगळे नटून जातो. मग मला सांगा, तो आपल्याला ओळखतो कशावरून? इस्त्रीवरून? अत्तरावरून? की त्याला आपला दुसराच कुठला चेहरा ठाऊक आहे?

गप्प झालात! बरं झालं. मीही असाच गप्प झालो होतो. कुठे? देवळात नाही हो. मिरजेत, एका फोटो स्टुडिओत! भर दुपारी, डोक्याला मंदिल बांधून, तोंडाचा आ वासून गप्प!

आता तुम्ही म्हणाल, बुवा आज ध्रुवाचं आख्यान लावणार होते. पत्रिकेत तसं छापलंय. छापू दे! ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसायला मिळालं नाही. माझ्या आख्यानातलं पोरगं मांडीवर बसायलाच तयार नव्हतं. फरक एवढाच!

तर ते पोरगं म्हणजे माझा नातू. पाळण्यात नाव ठेवलं अद्वय. मीच ठेवलं, वेदान्ती माणूस ना मी! आणि घरात हाक काय? गुंडू! वेदान्त पाळण्याच्या दोरीपाशीच संपला. वय वर्षाला टेकलेलं. नुकतं रांगायला लागलेलं. खाली दोन कण्यांएवढे दात. पहिली संक्रांत, म्हणजे काय आलं? बोरन्हाण! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करावं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. गल्लीतली पोरं ते वेचायला तुटून पडतात, आणि हाती लागला तर उत्सवमूर्तीचा हारही ओरबाडतात!

हे दागिने कुणी करायचे? आमच्या घरात एकच नाव. आक्का. माझी थोरली बहीण, नरसोबाच्या वाडीला असते. मंडळी, हलवा करायला काय लागतं ठाऊक आहे? साखर, तीळ, परात, मंद शेगडी आणि न संपणारा धीर. चमचा-चमचा पाक घालायचा आणि बोटांनी हलवत बसायचं. घाई केली की दाण्यावरचा काटा रुसला! मी एकदा बसलो होतो तिच्याजवळ. थोड्याच वेळात माझ्या परातीत काय झालं? चिक्की!

ही आक्का माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा मी गुंडूएवढाच. त्या वर्षी घरात सण नाही, संक्रांत नाही. माझं बोरन्हाण राहिलं. ती अकरा वर्षांची पोर, तिला हलवा येत नव्हता, आणि शिकवायला आई नव्हती. पुढे शेजारच्या बायकांकडे बसून बसून ती शिकली. आणि मग आमच्या भाऊबंदांत एक पोर सोडलं नाही तिनं! कुणाचंही बाळ असो, मुकुट आक्काचा, हार आक्काचा.

तर या संक्रांतीआधी तिचा फोन. "बापू," मला बापू म्हणते ती, "दागिने पाठवलेत. मुकुट, हार, बाजूबंद, मुरली. सांभाळून उघड. हात फार थरथरतात रे आता. हे शेवटचे. पुढे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"आक्का, तू ये ना बोरन्हाणाला."

"खुब्याचं हाड मोडलंय, येते कशी? तू एक कर. संध्याकाळी पोरं दागिने ओरबाडायच्या आधी एक फोटो काढून घे. बाळ हसतंय असा. तेवढं बघू दे मला. आणि रडका नको हो! माझ्या हलव्यात बसून रडलेलं पोर मला चालायचं नाही."

एवढंच मागणं! बहिणीनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. हसरं बाळ, हलव्याचे दागिने, एक फोटो. मोबाइलवर सुनेनं चुटकीसरशी काढला असता. पण सुनेला काढू दिला तर मी बुवा कसला?

इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी म्हटलं, छे! आक्काचे शेवटचे दागिने. फोटो म्हणजे कसा पाहिजे? साक्षात रांगता बाळकृष्ण! तुमच्या देव्हाऱ्यात असतो तसाच. एक गुडघा टेकलेला, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान किंचित वर. आणि मागे कोण? आजोबा कीर्तनकार! अंगरखा, उपरणं, जरीचा मंदिल! खरं सांगू? पुढच्या गोकुळाष्टमीच्या फ्लेक्सवर तो फोटो किती बाय किती बसेल, तेही मी मनात मोजून ठेवलं होतं. निरूपण वैराग्यावर, लक्ष फ्लेक्सवर!

आमच्या सूनबाई ऋजुता. शहाणी मुलगी. मला बोलत नाही, नुसती बघते. तिनं स्टुडिओत फोन लावला. मालक फिरोज मुल्ला, लहान मुलांचे फोटो काढण्यात सगळ्या मिरजेत नाव. तो म्हणाला, "वैनी, पोरगं झोप काढून उठलं की आणा बघा. पोट भरलेलं असू दे. कपडे अंगाच्या ओळखीचे घाला, दागिने शेवटी. आणि माणसं कमी आणा, गर्दी बघून पोरं बुजतात."

ऋजुतानं मला सगळं सांगितलं. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "सूनबाई, गेली चाळीस वर्षं मी बाळलीला सांगतोय. लहान मूल म्हणजे काय, ते मला फिरोज सांगणार?"

मंडळी, चाळीस वर्षं यशोदेनं कृष्णाला न्हाऊ कसं घातलं ते मी रंगवून सांगितलं. बायका डोळे पुसतात. आणि पोटच्या पोराला एकदा तरी न्हाऊ घातलं का मी? एकदा दुपटं बदललं होतं, तेही उलटं!

तर तयारी सुरू. पहिली गोष्ट, मुहूर्त! पंचांग काढलं. बोरन्हाण रथसप्तमीच्या संध्याकाळी, तर फोटो त्याच दिवशी अभिजित मुहूर्तावर, भर दुपारचे बारा वाजून गेल्यावर. ऋजुता म्हणाली, "बाबा, ती त्याची झोपेची वेळ आहे." मी म्हटलं, "अगं, अभिजितावर रामाचा जन्म झाला!" ती म्हणाली, "कौसल्येला विचारलं होतं का कुणी?" हसा, हसा. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, तालीम. गुंडूला एका हातावर रांगत थांबायला शिकवायचं. तो रांगायचा, पण थांबायचा कुठे? मी म्हटलं, बघून शिकेल. आणि मी स्वतः रांगलो! माजघरात, हातात लोण्याचा गोळा म्हणून कणकेचा गोळा धरून. एक गुडघा टेकला, मान किंचित वर केली, आणि कंबरेत काहीतरी म्हणालं — कट्! पोरगं माझ्यापुढे बसून टाळ्या पिटतंय आणि मी बाळकृष्णाच्या पोझमध्ये अडकलेला. शेवटी सूनबाई आणि धुणंवाली मावशी, दोघींनी मला उभं केलं. मावशी बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला सांगती झाली, की बुवांच्या अंगात आलंय.

रथसप्तमी उजाडली. पोराला पहाटे उठवलं, तेल लावलं, न्हाऊ घातलं, काजळ, गंध. मखमलीचं नवंकोरं काळं अंगडं, ते त्याला टोचतंय, तो ओढतोय. वर हलव्याचा साज. आणि स्टुडिओत गेलो कोण कोण? गुंडू, त्याची आई, मी पूर्ण पोशाखात, आणि आमचे पेटीवाले मनोहरपंत. हे बघा, इथेच बसलेत, आता खाली बघतायत. पंत पेटीसकट! म्हटलं, पोराला सुरात घेऊ!

रिक्षातच गुंडूनं मुरली चाखली. लहान मुलाला गोड काय ते सांगावं लागतं का? त्यानं चाटली, डोळे मोठे केले, पुन्हा चाटली. ऋजुतानं काढून घेतली. "हात लावू नको, आक्काचं आहे!" मी ओरडलो. एक वर्षाच्या मुलाच्या अंगावर साखर बांधायची आणि म्हणायचं, हात लावू नको! हे आम्हा मोठ्या माणसांनाच सुचतं.

झालं. स्टुडिओत पोचलो. पडदा, दिवे, चौरंग. पोराला ठेवलं आणि मी पुढे झालो. मंदिल सावरला. खड्या आवाजात म्हटलं, "गुंडू! हस बरं! हस!"

मंडळी, पोरानं माझ्याकडे पाहिलं. वरून खाली पाहिलं. ओठ बाहेर आला. आणि जो टाहो फोडला म्हणता! काळी चारमध्ये, स्वच्छ! मनोहरपंतांनी सवयीनं पेटीवर सूर धरला, आणि पोरगं एक पट्टी वर चढलं.

फिरोजनं वाजणारं बदक आणलं. रडणं. फिरोज मांजर झाला. रडणं. मोरपीस. रडणं! मी चिपळ्या काढल्या, घरी चिपळ्या ऐकून हे पोर खिदळतं. इथे चिपळ्या बघून आईच्या पदरात घुसलं. मी जवळ गेलो की रडं वाढतं, लांब झालो की कमी होतं. आणि लाळेनं, आसवांनी काय व्हायला लागलं? हलवा! साखरच ती. छातीवरचा हार चिकट झाला, दोरा दिसायला लागला. डावा बाजूबंद तर त्यानं रडता रडता चोखूनच टाकला. आक्कानं थरथरत्या हातांनी रात्रंदिवस फुलवलेला एकेक दाणा माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होता!

फिरोज म्हणाला, "बुवा, दुसऱ्या दिवशी येता का?"

दुसऱ्या दिवशी? दागिने कुठून आणू दुसऱ्या दिवशी? आक्का सांगून बसली होती, हे शेवटचे. वाडीला ती खाटेवर पडून त्या एका फोटोची वाट बघतेय, आणि मी तिला काय दाखवणार, रडकं पोर आणि चिकट दोरा?

मग ऋजुता बोलली. हळूच. "बाबा, रागवू नका. तो तुम्हाला ओळखत नाहीये."

"मला? माझा नातू? अगं, अख्खा सांगली जिल्हा मला ओळखतो!"

"जिल्हा ओळखतो हो. पण घरी तुम्ही असे नसता ना."

आता इथे थांबतो जरा, पाणी पितो. कारण पुढचं सांगायला धीर लागतो.

समोर स्टुडिओतला मोठा आरसा होता. पाहिलं. मंदिल, गंध, अंगरखा, उपरणं. भारदस्त माणूस! आणि घरी गुंडूचा आजोबा कोण? डोक्याला काही नाही, टक्कल. अंगात भोकं पडलेलं बनियन. आणि... आणि तोंडात... सांगतोच आता! तोंडात एकही दात नसलेला माणूस! होय मंडळी, हे जे तुम्हाला दोन-तीन वर्षं दिसतात, ते मिरजेच्या डॉक्टरांनी केलेत. कवळी आहे! घरात पाऊल टाकलं की ती वाटीत. सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून मऊ भात खातो. त्याला सवय व्हावी म्हणून, मला इलाज नाही म्हणून. मी गाल आत ओढून फुर्र करतो, तो हसून लोळतो. दातांच्या बाबतीत तो माझ्या दोन पुढे आहे.

हे कुणाला ठाऊक होतं? सूनबाईला, मुलाला. बास. मनोहरपंतांनासुद्धा नाही! आक्कालासुद्धा सांगितलं नव्हतं. कीर्तनकाराला दात नाहीत म्हटल्यावर सुपारी कोण देणार? सुपारी खायचीही नि सुपारी घ्यायचीही, दोन्ही बंद!

मंदिल काढला. रडणं थांबलं. नुसते हुंदके. उपरणं काढलं, अंगरखा काढला. तेच भोकाचं बनियन आत होतं, देवाची कृपा! पोरगं पदराआडून एका डोळ्यानं बघायला लागलं. पण अजून खात्री नाही. तोंडाकडे बघतंय! माझ्या तोंडाकडे!

आणि मला लाज वाटत होती. फिरोज उभा, पंत बसलेले. ही लाज किती चिवट असते म्हणून सांगू! आक्काचे दागिने विरघळतायत, बहिणीचं एकुलतं एक मागणं माझ्या हातून जातंय, आणि मी विचार कसला करतोय? पंत काय म्हणतील!

शेवटी भिंतीकडे तोंड केलं. कवळी काढली. रुमालात गुंडाळली. वळलो. गाल आत ओढले — फुर्र!

अहो! ते पोर! आईच्या हातातून सुटलं, चौरंगावरून उतरलं, आणि रांगत, हो, दोन्ही गुडघे, दोन्ही हात, पोझबिझ काही नाही, सरळ माझ्या मांडीवर चढलं. मुकुट तिरका. काजळ गालावर. खदाखदा हसतंय. ओघळणाऱ्या हारातला एक दाणा चिमटीत धरला, चाटला. आणि मग तोच ओला, उष्टा दाणा माझ्या बोळक्यात घातला! मी आ केला, त्यानं घातला, आणि दोघंही हसतोय.

फिरोज ओरडला, "बुवा, हलू नका!"

कोण हलतंय! माझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या आईची मांडी मला आठवत नाही. पण कुणीतरी मला भरवतंय हे मात्र त्या वेळी कळलं.

आता एवढं झाल्यावर मी सुधारलो असेन, असं वाटतं ना तुम्हाला? छे! फोटो बघितला आणि फिरोजला बाजूला घेऊन विचारलं, "संगणकावर दात बसवता येतात का रे?"

तो म्हणाला, "येतात की. कुणाला बसवू बुवा, दोघांना?"

सूनबाईनं नुसतं बघितलं. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन वाडीला गेलो. फोटोत काय? मुकुट तिरका, हार अर्धा, बाजूबंद एकच, आणि मी बनियनवर! आक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. चष्मा लावला. काच पदरानं पुसली. मी म्हटलं, "आक्का, चुकलं गं. तुझे दागिने पोरानं खाल्ले."

"खाल्ले?" तिचा चेहरा असा उजळला! "खरंच खाल्ले? अरे, जन्मभर करतेय मी. कुणी खात नाही. काढतात, डब्यात घालतात, कपाटात ठेवतात, आणि शेवटी मुंग्या खातात. हा पहिला गुणी निघाला!"

मग बोट सरकलं. माझ्या चेहऱ्यावर थांबलं. "दात कधी गेले रे?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"मला नाही सांगितलंस." मग म्हणाली, "म्हणूनच! त्या देवळाबाहेरच्या फ्लेक्सवर कोण असतो, मला कळतच नव्हतं. म्हटलं, कुणी नवे बुवा आले असतील. तो नाही मला ओळखता आला. हा आला." आणि थरथरतं बोट तिनं फोटोतल्या माझ्या बोळक्यावरून फिरवलं. "आई गेली त्या दिवशी सगळं घर रडत होतं, आणि तू माझ्या कडेवर असाच हसत होतास. असाच. तुझ्या तोंडात घालायला माझ्याकडे काही नव्हतं रे बापू. आज हलवा गेला तुझ्या तोंडात. राहिलं होतं ना, झालं हो तुझं बोरन्हाण."

(चाल धरा पंत, तीच.)

पांघरिला शेला । बांधिला मंदिल ।
ओळखेना मूल । घरातले ॥

हा अभंग कुठल्या संताचा नाही बरं का. माझाच आहे, म्हणून यमक जरा ओढलंय.

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? मला मिळालं. देवही तिथे चौरंगावर बसलाय. आपण जातो, मंदिल सावरतो, आणि खड्या आवाजात म्हणतो, हस बरं, प्रसन्न हो! त्याला कळेना, हा कोण आला? त्याला ठाऊक आहे तो बनियनवरचा, बोळक्याचा, रडवेला माणूस. तो घरी ठेवून आपण आलोय! आणि आपण वाहतो ते तरी काय, तर साखरेचे दागिने. त्यावर पुन्हा म्हणतो, हात लावू नको, फोटो काढू दे!

तुम्ही हसताय माझ्या कवळीला. हसा. पण मघापासून मी बघतोय. त्या खांबापाशी पाच जण, इकडे चार, त्या वहिनीसुद्धा, मोबाइल वर धरून माझं कीर्तन टिपताय. तुम्ही मला पाहिलंत का अजून? मला वाटतं, तुमच्या मोबाइलनं पाहिलंय.

हा डबा बघा. दागिने ओवून उरलेला आक्काचा हलवा. शेवटचा. तिनं बजावून दिलाय, कपाटात ठेवू नकोस, वाटून टाक. आता मी येतोय तुमच्यात. कवळी काढूनच आलो असतो, पण मग आरती म्हणता यायची नाही. प्रसाद एका हातात देत नाही मी, ओंजळ लागते. आणि पुडीत बांधून न्यायचा नाही. इथेच, माझ्यासमोर, तोंडात.

चला, ठेवा ते मोबाइल खाली. दोन्ही हात पुढे.